तांब्याचे खिळे

"भाऊ, ते जर्मनवाल्याचं पुस्तक काढ बघू."

मी स्टोअरच्या खिडकीतून मान वर केली. सकाळची साडेदहाची वेळ, ग्रीसचे डबे यायचे होते ते आले नव्हते, डोकं आधीच तापलेलं, आणि हा दिनानाथ खिडकीचे गज धरून उभा. खाडीकडच्या या माणसांना अहो-जाहो ठाऊकच नाही. मॅनेजरलाही तू आणि माझ्यासारख्या स्टोअरकीपरलाही तू. पहिलं वर्षभर मला राग यायचा. पुढे सवय झाली.

"तुला कशाला हवंय? इंग्रजी वाचणार आहेस?"

"मला कुठं येतंय? तू वाच. त्यात पायाचं काय लिवलंय तेवढं सांग."

"पायाचं?"

"पायाचं, बुटाचं. दयाला आज परत चटका बसला. थिनरच्या पिंपाला हात लावायला गेला की टिक्कन ठिणगी उडते. मी या डोळ्यांनी बघितली, भाऊ. निळी."

दया म्हणजे दयाराम, त्याचा धाकटा भाऊ. दोघांच्या वयात पंधरा वर्षांचं अंतर. आई-बाप लवकर गेले, तेव्हा दिनानाथने मिठागरात राबून याला वाढवला, याचं लग्न केलं आणि आमच्या कारखान्यातही त्यानेच याला चिकटवला. दयारामच्या नुसत्या शिंकेनेही दिनानाथचं काळीज हलायचं. त्यामुळे मी आधी हसण्यावारी नेलं.

आमचा कारखाना टेबलफॅनचा, पेणहून वडखळकडे जाताना लागायचा. चौसष्ट साली तिथे जर्मनीहून रंग मारायचं नवं यंत्र आलं. बंदुकीसारखी एक वस्तू. तिच्यातून रंगाचा फवारा सुटायचा आणि सुटतानाच त्याच्यात वीज भरली जायची. पंख्याच्या लोखंडी जाळ्या साखळीला आकड्यांवर टांगलेल्या. साखळी जमिनीला जोडलेली, म्हणून तो विजेचा रंग आपणहून जाळीकडे ओढला जायचा. समोरून मारला तरी मागच्या बाजूला जाऊन बसायचा. पहिल्या दिवशी मी तर तोंडात बोटच घातलं. मात्र आकड्यावर जुन्या रंगाचा थर चढला की जाळीचा जमिनीशी संबंध तुटे. ते आकडे खरवडून कोरे ठेवणं हे दिनानाथचं काम. दिवसभर कोपऱ्यात बसून खरवडत राहायचा. कुणाला वाटावं, काय हलकं काम आहे!

यंत्र बसवायला एक गोरा फिटर आला होता. पंधरा दिवस राहिला. त्याची भाषा कुणाला कळेना, म्हणून हातवारे करून शिकवायचा. साखळीकडे बोट, मग जमिनीकडे बोट. पिंपाची तार, मग जमिनीकडे बोट. सगळं जमिनीला जोडलेलं पाहिजे, एवढं सर्वांना समजलं. शेवटी त्याने फवारा मारणाऱ्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. सगळे अनवाणी, जमिनीवरच्या ओल्या लोखंडी जाळीवर उभे. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "गूट! गूट!"

हे त्या गोऱ्याचं 'गूट' आमच्या लोकांच्या जिव्हारी लागलं. स्वतः चामड्याचे चकचकीत बूट घालून फिरतो आणि आमच्या फाटक्या पायांना चांगलं म्हणतो! चेष्टा करतो काय? मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. त्या झाकायला तर बिचारे कारखान्यात आलेले. फिटर गेला आणि युनियनने बुटांची मागणी लावून धरली. पुढे होता दिनानाथच. एरवी कोपऱ्यात बसणारा हा माणूस मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला होता, "सायेब, पाय मिठागरात ठेवून आलो आम्ही. आता बूट दे." पाच दिवस काम बंद होतं. सहाव्या दिवशी मॅनेजरने सही केली.

बूट माझ्याच हातून वाटले गेले. काळे, जाड रबरी तळव्यांचे. माणसं बूट पोटाशी धरून घरी गेली हो! दयाराम तर फाटकापर्यंत अनवाणी गेला आणि बाहेर पडल्यावर खांबाला टेकून त्याने ते घातले, म्हणजे गावातल्या लोकांना नवे कोरे दिसावेत. दिनानाथला त्या दिवशी हार घातला होता सगळ्यांनी.

याला दोन आठवडे झाले होते. आता दिनानाथ माझ्या खिडकीत उभा राहून बुटांचं काय लिहिलंय विचारत होता.

मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, धूळ झटकली. दहाव्या पानावर सापडलं. दोनदा वाचलं.

"काय लिवलंय?"

"लिहिलंय की... फवारा मारणाऱ्याने रबरी तळव्याचे बूट घालू नयेत. चामड्याचा तळवा हवा, नाहीतर काहीच नको. आणि बंदुकीची मूठ उघड्या हाताने धरावी. मूठही जमिनीला जोडलेली आहे."

बंदुकीची मूठ रंगाने चिकट व्हायची म्हणून सगळे तिला फडकं गुंडाळत, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हाताची वाट फडक्याने बंद आणि पायाची रबराने.

"उघाडीच बंद केली की रे आपण," तो म्हणाला. उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. "पाणी भरतंय, जायला वाट न्हाय. मग ते बांध फोडून जाणार."

मला विजेचं काही कळत नाही, पण हे कळलं. आणि थिनर पेट्रोलसारखं पेट घेतं, हे तर स्टोअरकीपरला ठाऊकच असतं.

मी पुस्तक घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढला. "चौबळ, बूट मीच दिले का? संप करून घेतले त्यांनी. आता परत मागितले तर पुन्हा संप. चामडी तळव्याचे मागवू, पुढच्या तिमाहीत बघू." आणि मी काय केलं? स्टोअरच्या वहीत तारीख घालून मागणी लिहिली आणि खाली सही केली. आपलं काम झालं असं मला खरोखर वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

दिनानाथने मात्र स्वतःचे बूट त्याच दिवशी काढून ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यातल्या एकेकाला गाठायला लागला.

"बूट काढा रे. फवारा मारताना तरी काढा."

"तूच मागितलेस ना?"

"चुकलो. पाया पडतो."

बाळाजी वायरमन तिथेच डबा खात बसला होता. विजेतलं आपल्यालाच कळतं अशी त्याची ऐट, आणि इतर खात्यांत त्याचं खरंही असे. तो मोठ्याने हसला. "येडा झालास काय, दिनानाथ? मी खांबावर चढतो ते रबर घालून. रबरातून करंट जातो व्हय?"

"जात न्हाय, म्हणूनच तर सांगतोय!"

सगळे खो खो हसले. हसण्यासारखंच होतं ते. वीज म्हणजे रबर घालावं, एवढं तर शेंबड्या पोरालाही माहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली. मॅनेजरने दिनानाथला फोडला. ज्याला हार घातला तोच आता बूट काढा म्हणतो, कुणी पढवलं याला? त्याच्या शेजारी बसून कुणी जेवेना. तो बंदुकांच्या मुठींवरची फडकी सोडून फेकायचा, दुपारपर्यंत ती परत गुंडाळलेली असायची. यावर तो भांडला नाही, रागावला नाही. आकडे खरवडायचा आणि दयारामकडे बघत बसायचा. ठिणगी उडाली की ह्याचाच हात झटकन मागे यायचा.

दयारामला त्याने किती विनवलं असेल! मी स्वतः एकदा ऐकलं.

"दादा, तू सांगशील ते ऐकत आलो," दयाराम म्हणत होता, "पण हे सोड. कमळच्या म्हायेरी मी पहिल्यांदा बूट घालून गेलो. सासऱ्याने खुर्ची दिली बसायला. आता परत अनवाणी जाऊ?"

"घरी घाल. हितं काढ."

"सगळे घालतात न् मी एकटाच काढू? भेकड म्हणतील."

मग दिनानाथने एक युक्ती काढली. अशी युक्ती त्यालाच सुचावी. खाडीच्या काठाला एक सुतार होड्या बांधायचा. होडीला लोखंडाचे खिळे चालत नाहीत, खाऱ्या पाण्याने खातात, म्हणून तांब्याचे वापरतात. त्याच्याकडून दिनानाथने मूठभर खिळे आणले. रविवारी दयाराम झोपलेला असताना त्याच्या बुटांच्या तळव्यांत आतून पाच-पाच खिळे ठोकले, खालची टोकं कापून घासली. आत पायाला तांबं लागे, खाली जाळीला तांबं लागे. रबर असून नसल्यासारखं.

सोमवारी दयारामने पिंपाला हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

दिनानाथ धावत माझ्या खिडकीपाशी आला. "भाऊ, गेली! ठिणगी गेली!" चाळिशीच्या त्या माणसाचे डोळे भरून आले होते. मी त्याला आत बोलावून चहा पाजला. तेव्हाच तो म्हणाला, "सगळ्यांच्याच बुटांना ठोकतो आता. एकेक करून. फक्त दयाला तू दुसरा जोड देऊ नको. मागायला आला तरी देऊ नको."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो! कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द आपोआप येतो. नाही म्हणायचं नसतं आणि होही म्हणायचं नसतं तेव्हा येतो.

खिळ्यांनी ठिणगी गेली, पण आवाज आला. फरशीवरून चालताना दयारामचे बूट टपटप वाजायचे. झालं! "घोडा आला रे!" एक म्हणायचा. "दाणापाणी झालं काय?" दुसरा. कुणी त्याच्या जागेवर गवताची पेंढी आणून ठेवली. खिळ्यांच्या भोकांतून खाडीकाठच्या खाजणातला चिखल आत शिरायचा, पाय टोचायचे. गावात बायका विहिरीवर कमळला म्हणायला लागल्या, "तुझ्या मालकाच्या टापा लांबनंच ऐकू येतात गो." पाच-सहा दिवस त्याने काढले. भावाखातर काढले, हे मी मान्य करतो.

पुढच्या सोमवारी सकाळी तो माझ्या खिडकीपाशी आला. बूट हातात, पाय अनवाणी.

"भाऊ, जोड बदलून दे."

"दयाराम, दिनानाथने सांगितलंय..."

"दादाला मी बघून घेईन. कमळने हाकललंय आज. बोलली, बूट बदलून आणल्याबिगर घरात पाऊल टाकू नका. हसतात तिला बाया." तो शरमिंदा होऊन हसला. "दे ना भाऊ. नियम हाय ना, महिन्याच्या आत खराब झाला तर बदलून?"

नियम होता. मीच टाइप करून लावला होता भिंतीवर. मागे ग्रीसवाला येऊन उभा, बाहेर ट्रकचा भोंगा. मी आणखी एकदा "अरे पण" म्हणालो असेन. मग नवा जोड काढून दिला, खिळ्यांचा आत टाकला, वहीत नोंद केली. दयारामने तिथेच बूट चढवले आणि पाय आपटून पाहिले. आवाज आला नाही. खूश होऊन गेला.

सव्वाअकराला रंगखात्यात भडका उडाला.

सांगण्यासारखं त्यात फार नाही. बंदुकीचं भांडं रिकामं झालं म्हणून तो थिनर घ्यायला पिंपापाशी गेला, हात लावला, एवढंच पाहिलं होतं लोकांनी. बाकीचे दाराजवळ होते ते वाचले. दिनानाथ बाहेर आकडे धुवत होता. तो आत शिरला आणि भावाला ओढत बाहेर घेऊन आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. ट्रकमध्ये दयारामचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मी बाजूला बसलो होतो. पेणच्या दवाखान्यापर्यंतही दयाराम टिकला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दिनानाथच्या हातांना पट्ट्या बांधत होते. तो माझ्याकडे वळला.

"भाऊ, त्याच्या पायात तांबं होतं ना? मग कसं झालं? मी काय चुकलो?"

देवा, हे ऐकण्याआधी माझे कान का फुटले नाहीत! मी खाली बघून सगळं सांगितलं. जोड बदलून दिला, मीच दिला. मला वाटलं तो माझा गळा धरील. धरायला हवा होता.

"का बदलला त्यानं?"

मी कमळचे शब्द सांगितले. त्याने पट्टी बांधणाऱ्याला जाऊ दिलं. मग म्हणाला, "हे तिला कळू देऊ नको. ते खिळ्याचे बूट स्टोरात हायेत ना? बुडव कुठंतरी."

तीन दिवसांनी मुंबईचा इंजिनियर धरमतरच्या लाँचने आला. त्याला मी वही दाखवली, पुस्तकातलं पान दाखवलं. त्याने सगळं खरं लिहिलं. रबरी तळव्यांमुळे माणसाच्या अंगात वीज साठली, जोड त्याच सकाळी बदलला होता, खिळ्यांचा जोड सुरक्षित होता. अगदी तसंच लिहिलं, इंग्रजीत, आणि ते फायलीत गेलं. रंगखात्यात रबर बंद झालं, मुठींवरची फडकी बंद झाली, चामडी तळव्याचे बूट आठ दिवसांत आले. आधी त्यांना तिमाही लागणार होती.

गावात मात्र इंग्रजी फाइल पोचत नाही. गावात बाळाजी वायरमन पोचला.

बाराव्याला मी गेलो होतो. दिनानाथ ओटीवर खांबाला टेकून बसला होता, पट्ट्यांचे हात मांडीवर. बाकीचे पुरुष उठून गेले होते. कमळ आतून आली. बावीस-तेवीस वर्षांची पोर. मोठ्या दिरासमोर एरवी ती मान वर करत नसे. आज पदर खांद्यावर पडला होता, तो तिने सावरलाही नाही.

"भावजी, बाळाजी बोलला ते खरं काय? रबर होतं तवर वीज अंगात शिरत नव्हती. तुमी रबराला भोकं पाडलीत."

दिनानाथने पट्ट्यांचे हात पोटाशी ओढले.

"पंधरा दिवस नुसतं रबर होतं, माझा माणूस जिता होता. तुमी खिळे ठोकलेत न् आठव्या दिवशी मला विधवा केलीत. तो नको बोलत होता ना? मी नको बोलत होते ना? मी त्याला भांडले त्या बुटावरनं. माझं ऐकलं असतं तर वाचला असता!"

माझ्याने राहवेना. "कमळवहिनी, अहो, त्या दिवशी त्याच्या पायात..."

"भाऊ," दिनानाथ म्हणाला.

एवढंच. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गप्प झालो. दिनानाथच्या शब्दाखातर गप्प झालो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. पण ते सगळं खरं नाही. पुढचं वाक्य बोलायचं तर जोड कुणी बदलून दिला तेही बोलावं लागलं असतं, त्या पोरीच्या तोंडावर. माझ्यात ती हिंमत नव्हती. त्याने मला तिच्याबरोबर वाचवलं.

"व्हय, कमळ," दिनानाथ म्हणाला. "मीच पाडली भोकं. माझीच चूक."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने काहीतरी कारण द्यावं, भांडावं, असं तिला वाटत असावं. मग तिचा बांध फुटला. रडत रडतच ती म्हणाली, "जा तुमी. या घराची पायरी चढू नका पुन्हा. मेले तरी येऊ नका."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दिनानाथ उठला. वहाणा कधी घातल्याच नव्हत्या, तसाच ओटीवरून उतरला. मीही उतरलो. दिलगीर आहे म्हणू? कुणाला? ओटीच्या कडेला दोन हंडे रिकामे पडले होते. त्या गावात घरांजवळच्या विहिरींना खारं पाणी. गोड्या पाण्याची विहीर शेतांपलीकडे, पाव मैलावर. बारा दिवस भावकीतल्या बायका पाणी आणत होत्या. उद्यापासून कोण आणणार होतं?

त्याने एक हंडा पट्ट्यांच्या हातांनी उचलायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. मी पुढे झालो तर मानेनेच नको म्हणाला. मग कोपराच्या बेचक्यात काठ अडकवून, वाकडा होऊन, शेताच्या बांधावरून निघाला.

माझी वडखळची गाडी चुकली. तरी मी थांबलो. तो परत आला तेव्हा अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं आणि पट्ट्या भिजून लोंबत होत्या. ओटीपाशी येऊन तो थबकला. पायरीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग खाली बसला, पायरीच्या अलीकडची माती हाताने सारखी केली आणि हंडा तिथेच, जमिनीवर ठेवला.